सांगाडा-घड्याळ घडवताना : वाचकांचे प्रश्न, कारागिरांची उत्तरे

पुढची-मागची प्लेट कोरून कोरून इतकी मोकळी करायची की आतले प्रत्येक चाक फिरताना दिसावे, आणि वर काचेचा घुमट ठेवायचा, ते सांगाडा-घड्याळ. या घड्याळांची सुरुवात अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाली. इंग्लंडमध्ये साधारण १८२० पासून त्यांना बहर आला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या आसपास ती दिवाणखान्याची शान बनली. त्यांच्या हाताने घडवलेल्या प्रतिकृतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे, डिव्हायडिंग हेडही (वर्तुळाचे सारखे भाग पाडणारे साधन) आहे. व्हिक्टोरियन पद्धतीचे एक सांगाडा-घड्याळ करायचे आहे. कोणते निवडावे, दात्यांचा हिशेब कसा धरावा आणि पितळ किती जाडीचे घ्यावे? (कोल्हापूर)

पहिल्या खेपेला ठोके न देणारे, आठ दिवस चालणारे, वेलबुट्टीच्या वळणांची चौकट असलेले घड्याळ घ्या. यॉर्क मिन्स्टर किंवा लिचफील्डच्या कॅथेड्रलच्या आकाराच्या चौकटी मोह पाडतात. पण त्यांच्या कमानी आणि मनोरे कोरण्यात महिने जातात, आणि तोवर चाकांवरचा उत्साह संपलेला असतो.

आम्ही सुचवतो ती गणना अशी. फ्यूझीच्या (स्प्रिंगची ओढ सारखी ठेवणाऱ्या शंकूच्या) मोठ्या चाकाला ९६ दाते, ते मधल्या आसाच्या ८ दात्यांच्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) लागते. मधल्या चाकाला ९६, त्यापुढे ८ ची पिनियन. तिसऱ्या चाकाला ८०, पुन्हा ८ ची पिनियन, आणि शेवटी ३० दात्यांचे एस्केप चाक, म्हणजे लंबकाच्या झोक्यागणिक सुटणारे चाक. मधला आस तासाला एक फेरा घेतो, म्हणजे एस्केप चाक १२ × १० = १२० फेरे घेते. प्रत्येक दात्यामागे दोन टिक, म्हणून तासाला ७,२०० टिक. हा अर्ध्या सेकंदाचा लंबक झाला आणि त्याची लांबी सुमारे २४८ मिमी. फ्यूझी १२ तासांत एकदा फिरते, तेव्हा तिच्यावर १६ वेढे असले की १९२ तास, म्हणजे पुरे आठ दिवस मिळतात. काट्यांमागे इंग्रजी पद्धत ठेवा : ३६-३६ दात्यांची दोन सारखी चाके, मग ६ ची पिनियन आणि ७२ दात्यांचे तासाचे चाक.

मधल्या आणि तिसऱ्या चाकाला ०.६ मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) पुरते, मोठ्या चाकाला ०.८ घ्या. घड्याळी दात्यांच्या कटरसाठी चाकाचा बाहेरचा व्यास म्हणजे दात्यांत २.७६ मिळवून मॉड्यूलने गुणायचे. ९६ दात्यांच्या चाकाला ५९.२६ मिमी, ८० ला ४९.६६ मिमी. आठ दात्यांच्या पिनियनला १.७१ मिळवायचे, म्हणजे ५.८३ मिमी. आसांमधली अंतरे कागदावर ३१.२ आणि २६.४ मिमी येतील, पण प्लेटवर ती कागदावरून आखू नका. तयार चाक आणि तयार पिनियन डेप्थिंग टूलमध्ये धरा, बोटाने फिरवून सर्वांत सुरळीत जागा शोधा आणि तीच प्लेटवर उतरवा. दहापैकी आठ अडकणारी घड्याळे या पायरीला फाटा दिल्यामुळे अडकतात असे म्हणायला हरकत नाही.

डिव्हायडिंग हेड ४०:१ चे (हँडलच्या ४० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा) असेल तर २४ भोकांच्या एकाच वर्तुळावर मुख्य चाके निघतात. ९६ साठी १० घरे, ८० साठी १२ घरे, ३० साठी एक पूर्ण फेरा आणि ८ घरे, पिनियनसाठी पूर्ण पाच फेरे. मात्र ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या नेहमीच्या तीन प्लेटांवर २४ चे वर्तुळ नसते. ते सिनसिनाटी पद्धतीच्या प्लेटवर असते. तुमच्याकडे पहिल्या प्रकारच्या प्लेट असतील तर १८ च्या वर्तुळावर एक फेरा आणि १२ घरे असे मोजत २४ भोकांची प्लेट स्वतःच पाडून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

चौकटीच्या प्लेट ५ मिमी जाडीच्या हव्यात. ३ मिमीच्या प्लेट स्वस्त पडतात, पण कोरल्यावर त्या लवचिक होतात आणि बाजूने पाहिले की जुन्या घड्याळाचा भारदस्तपणा नाहीसा होतो. चाकांना २ मिमी, मोठ्या चाकाला ३ मिमी. पत्रा अर्धा कडक घ्या. खरादीच्या कामाला फ्री-कटिंग सळई (आयएस ३१९) उत्तम. आस आणि पिनियन सिल्व्हर स्टीलच्या (कडक करता येणाऱ्या पोलादाच्या) करा.

दोन्ही प्लेट एकमेकींवर पक्क्या जोडून पिव्हटची (आसांच्या बारीक टोकांची) भोके एकदमच पाडा. सुटी पाडली की आस तिरका बसतो आणि ते दुरुस्त करणे फार जड जाते. मग कोरीव काम : आतले तुकडे आधी, बाहेरची कड शेवटी. ५ मिमी पितळाला सोनारी करवतीचे ३ किंवा ४ नंबरचे पाते लावा. २/० चे बारीक पाते भुश्याने भरते आणि तुटते. रेषेपासून पाव-अर्धा मिमी बाहेर कापून उरलेले कानशीने आणा. गार लाटलेल्या पत्र्यातला ताण कापताना मोकळा होतो आणि प्लेट किंचित वाकते, म्हणून ढोबळ कापणी झाल्यावर सपाटी तपासूनच पुढे जा.

चाकांचे दाते आधी पाडायचे, आरे नंतर कोरायचे. उलट केले तर कटरच्या दाबाने कड आत दबते आणि चाक गोल राहत नाही. साधारण २५ मिमी व्यासाचा हायस्पीड कटर पितळावर मिनिटाला १,००० फेऱ्यांनी चालवा, पोलादी पिनियनवर २०० च्या वर नेऊ नका. पहिल्या दोन खाचा पाडून थांबा. मधल्या दात्याच्या डोक्यावरचा सपाट भाग जेमतेम नाहीसा झाला की खोली बरोबर आहे.

एस्केप चाक ४० मिमी व्यासाचे आणि अँकर (त्या चाकाला अडवत-सोडत राहणारा नांगरासारखा तुकडा) साडेसात दात्यांवर पसरलेला धरला तर दोन टोकांमधला कोन ९० अंश होतो. मग चाकाच्या केंद्रापासून अँकरचा आस त्रिज्येच्या १.४१४ पट, म्हणजे २८.३ मिमीवर येतो. तरीही अँकरच्या आसाची मागची भोके सरकवता येतील अशा छोट्या कॉकवर (सुट्या आधारपट्टीवर) घ्या, कारण इथे दशांश मिलिमीटरही टिकटिकीत ऐकू येतो.

प्रश्न : लंडनला राहणाऱ्या मुलीने तिथल्या कारागिराने केलेली प्रतिकृती पाठवली. लंबक अर्ध्या सेकंदाचा आहे. तिच्या घरी अचूक चालायची, इथे रोज जवळजवळ दोन मिनिटे मागे पडते. प्रवासात काही बिघडले असेल का? (ठाणे)

बहुधा काहीही बिघडलेले नाही. लंबकाचा वेग गुरुत्वावर अवलंबून असतो आणि विषुववृत्ताकडे जावे तसे गुरुत्व कमी होते. लंडनला ते ९.८१२ (मीटर प्रति सेकंद वर्ग) आहे, मुंबईच्या परिसरात सुमारे ९.७८६. फरक पाव टक्क्याहून थोडा जास्त आणि वेळेवर त्याचा निम्मा परिणाम होतो. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो साधारण ११४ सेकंद भरतो. तुमची दोन मिनिटे हीच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळही रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले होते. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे, या विचाराला त्यातूनच बळ मिळाले.

उपाय सोपा आहे. लंबक सुमारे ०.६६ मिमीने आखूड व्हायला हवा. गोळ्याखालच्या नटाचा आटा ०.५ मिमीचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याला दिवसाचे सुमारे ८७ सेकंद मिळतात, तेव्हा गोळा वर जाईल अशा दिशेने नट एक फेरा आणि आणखी एक तृतीयांश फिरवा. फिरवताना दुसऱ्या हाताने गोळा धरा. तो फिरला तर वरची पातळ सस्पेन्शन स्प्रिंग पिळली जाते आणि तिला घडी पडली की ती बदलावीच लागते. एक दिवस थांबून मोजा, मग पाव-पाव फेऱ्याने जुळवा. पुण्याला किंवा महाबळेश्वरला नेले तर उंचीमुळे आणखी काही सेकंद मागे पडेल.

त्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. टिक आणि टॉक यांच्यामधले अंतर सारखे ऐकू येते का? लंगडी चाल असेल तर घड्याळ एखाद्या दिवशी थांबेलच. बैठकीखाली पातळ पट्टी सरकवून चाल सारखी होते का पाहा आणि झाली तर लंबकाला ढकलणारी क्रच तेवढीच हलक्या हाताने वळवून पट्टी काढून टाका. पावसाळ्यात लाकडी बैठक फुगते तेव्हा हाच दोष परत येतो.

तापमानाचाही थोडा वाटा असतो. लंबकाची दांडी पितळेची असेल तर १० अंशांच्या वाढीला दिवसाला ८ सेकंद जातात, पोलादी असेल तर ५. इन्व्हारच्या दांडीला अर्धा सेकंदच लागतो, पण १८५० च्या प्रतिकृतीत इन्व्हार घालणे आम्हाला पटत नाही. ते मिश्रधातू १८९६ मधले आहे.

प्रश्न : फ्यूझीची साखळी चावी देताना शेवटच्या वेढ्याला तुटली. तिच्या जागी पोलादी तारेची दोरी लावली तर चालेल का? (सोलापूर)

खाचेचा तळ पाहा. साखळीसाठी कापलेल्या फ्यूझीच्या खाचेचा तळ चौकोनी आणि सपाट असतो, दोरीसाठी कापलेल्या खाचेचा गोल. सपाट खाचेत तारेची दोरी दोन्ही कडांवर घासते आणि काही महिन्यांत तिचे धागे निघू लागतात. शिवाय डोळ्यांसमोर उलगडणारी साखळी हे या घड्याळाचे अर्धे सौंदर्य आहे. साखळीच लावा.

आता ती का तुटली ते. फ्यूझी म्हणजे शंकूच्या आकाराचा खाचदार आस. स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना साखळी बारीक टोकाकडून ओढते, उतरत आली की रुंद बाजूने, म्हणून चाकांना ओढ सारखी मिळते. पण बारीक टोकाशी साखळी संपली तरी चावी फिरवत राहिले तर सगळा जोर एका हुकावर येतो. तो येऊ नये म्हणून फ्यूझीच्या माथ्यावर एक चोच असते. शेवटच्या वेढ्याला साखळीच एक लोखंडी पट्टी बाजूला दाबते आणि ती चोचीच्या वाटेत येऊन फ्यूझीला थांबवते. पुष्कळ प्रतिकृतींत ही पट्टी शोभेपुरती असते. तिची स्प्रिंग उलट्या बाजूने लावलेली असते किंवा पट्टी दीड-दोन मिमी आखूड पडते. तुमच्या घड्याळात आधी तेच पाहा, नाहीतर नवी साखळीही त्याच वेढ्याला जाईल.

तुटताना बॅरल (स्प्रिंगचा डबा) आणि फ्यूझी भिंगरीसारखी फिरलेली असणार. म्हणून मोठ्या चाकाचे दाते, मधली पिनियन आणि बॅरलच्या झाकणाची कड भिंगाखाली तपासा. नव्या साखळीचे दोन हुक सारखे नसतात. टोकदार हुक बॅरलला, गोल हुक फ्यूझीला. साखळी आधी पूर्ण बॅरलवर गुंडाळायची, मग बॅरलचा आस अर्धा ते एक फेरा फिरवून खटका बसवायचा. हा सुरुवातीचा ताण. आठव्या दिवशी लंबकाचा झोका खूप बारीक होत असेल तर हा ताण पाव फेऱ्याने वाढवा. जोर सर्व वेढ्यांत सारखा आहे का हे पाहायला फ्यूझीच्या चौकोनावर सरकत्या वजनाची दांडी बसवतात. प्रत्येक वेढ्याला ती त्याच वजनावर आडवी राहिली पाहिजे.

बॅरल उघडायचे असेल तर स्प्रिंग वाइंडरशिवाय उघडू नका. या स्प्रिंगने बोटे मोडतात.

या साखळ्या सायकलच्या साखळीसारख्याच, पण त्यांच्या रिव्हेटा डोळ्याला जेमतेम दिसतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात त्या मुख्यतः तेव्हा हॅम्पशरमध्ये असलेल्या क्राइस्टचर्च गावी होत, आणि ते नजर खाणारे काम बायका आणि लहान मुली करत. जुनी साखळी तुटली तर ती फेकू नका. एखादी कडी काढून नवी रिव्हेट घालता येते.

प्रश्न : चोरबाजारातून ‘१८५० चे अस्सल’ म्हणून सांगाडा-घड्याळ घेतले. पट्टीवर लंडनचे नाव आहे. ते खरे की प्रतिकृती? (मुंबई)

नावावरून काहीच ठरत नाही. खऱ्या घड्याळांवरही बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असते. घडवणारे वेगळेच असत : लंडनच्या क्लार्कनवेलचे स्मिथ, बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचे इव्हान्स, डर्बीशरमधल्या ॲशबोर्नचे हेकॉक. त्यांचा माल इंग्लंडभरचे दुकानदार आपले नाव घालून विकत.

स्क्रू काढून आटा मोजा. मेट्रिक एम३ चा आटा मूळच्या स्क्रूला असण्याचे कारण नाही. तेव्हा कारखाने स्वतःचे आटे पाडत आणि घड्याळी स्क्रूंचे ब्रिटिश प्रमाणीकरणच १८८४ च्या सुमारास झाले. पण एकच स्क्रू तसा असेल तर तो दुरुस्तीचा असू शकतो. सगळेच तसे असतील तर निकाल लागला. मग चौकटीच्या आतल्या कडा पाहा. हाताने कापलेल्या कडेवर कानशीच्या रेघा असतात आणि डावे-उजवे वेल केसभर वेगळे असतात. लेसरने कापलेली कड उभ्या बारीक रेघांची आणि दोन्हीकडे हुबेहूब असते. चाकांच्या आऱ्यांचे आतले कोपरेही बोलके असतात. करवत-कानशीचे कोपरे टोकदार येतात, मिलिंग कटरचे गोल राहतात. शेवटी मेनस्प्रिंग काढल्यावर तिच्यावर किंवा बॅरलच्या आत दुरुस्ती करणाऱ्याने ओरखडलेली तारीख दिसते का पाहा.

प्रतिकृती निघाली तरी मन खट्टू करू नका. चांगली हातघडण चांगलीच असते. खोटे आहे ते वर्ष, घड्याळ नव्हे. म्हणूनच जे वाचक स्वतः घडवत आहेत त्यांना आमचा आग्रह आहे की मागच्या प्लेटच्या आतल्या बाजूला आपले नाव आणि साल ठोसा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते याच बाजारात विकणार आहे.

प्रश्न : काटे निळे करताना टोक राखाडी होते आणि मधला भाग जांभळाच राहतो. (पुणे)

टोक पातळ असल्यामुळे आधी तापते. काटा थेट आचेवर धरू नका. छोट्या तव्यात पितळेचा कीस बोटभर जाड पसरा, काटा त्यावर चपटा ठेवा आणि खालून स्पिरिटच्या दिव्याची मंद आच द्या. मधला जाड भाग तव्याच्या मध्याशी, टोक कडेला. रंग २२५ अंशांच्या आसपास गवती, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि २९५ ते ३०० ला हवा तो निळा येतो. पुढे ३२० ला फिका पडतो आणि मग राखाडी. जांभळ्यातून निळा शिरू लागला की लगेच उचलून गार लोखंडी ठोकळ्यावर ठेवा, कारण साठलेली उष्णता उरलेला रंग आणते.

डाग पडण्याचे दुसरे कारण बोटांचा घाम. १,२०० आणि मग २,००० च्या पेपरने घासून ॲसिटोनने पुसल्यावर काट्याला चिमट्यानेच हात लावा. रंग चुकला तर पूर्ण घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. डागापुरता भाग पुन्हा तापवून जुळत नाही.

प्रश्न : तिरक्या ताटलीवर नागमोडी धावणाऱ्या गोळीचे घड्याळ करून पाहिले. रोज पाच-सात मिनिटे चुकते. (नागपूर)

हे विल्यम काँग्रीव्हचे १८०८ चे घड्याळ. श्रीरंगपट्टणला टिपूच्या सैन्याच्या अग्निबाणांचा अनुभव इंग्रजांनी घेतला, आणि ते बाण पाहून ज्याने ब्रिटिश अग्निबाण बनवले तोच हा माणूस. लंडनच्या थ्वेट्स अँड रीडने विसाव्या शतकात या घड्याळाच्या मर्यादित प्रती काढल्या होत्या.

गोळी घड्याळ चालवते असा समज आहे, तो चुकीचा. ताटली उलट्या बाजूला कलवण्याचे काम स्प्रिंगच करते. गोळी टोकाला पोचून खटका सोडवते, एवढेच. ती जायला ३० सेकंद घेत असेल तर दिवसाला २,८८० फेऱ्या होतात, आणि एका फेरीत दशांश सेकंदाची चूक झाली तरी दिवसाला पावणेपाच मिनिटे जातात. लंबकाला स्वतःचा ठरलेला काळ असतो, गोळीला नसतो. उतार, धूळ, खाचेचा गुळगुळीतपणा, सगळे तिच्या वेळेत उतरते. बेअरिंगची पोलादी गोळी वापरा, खाच लांबीच्या दिशेनेच पॉलिश करा, तेल किंवा मेण अजिबात नको. बैठक आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी लेव्हल करा आणि घुमट काढून ठेवू नका. एवढे करून दिवसाला दोन-तीन मिनिटांवर आले तर तुमचे काम उत्तम झाले आहे.

प्रश्न : पावसाळ्यात पितळ काळवंडते. घरच्या भांड्यांसारखे चिंच-लिंबाने घासावे का? आणि खोबरेल तेल चालेल का? (रत्नागिरी)

दोन्ही नको. चिंच-लिंबाचे आम्ल भोकांत आणि दात्यांच्या मुळाशी अडकून हिरवा गंज आणते. भांडी घासायच्या पावडरीचे कण मऊ पितळेत रुततात आणि चाक स्वतः न झिजता समोरच्या पोलादी पिनियनला कानशीसारखे कुरतडते. अमोनियाच्या द्रावणातही काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण निघाले ते तबेल्यातून येणारा अमोनिया. ताण असलेल्या पितळेला तो असाच चिरतो.

सुटे भाग स्वच्छ व्हाइट स्पिरिटने (पेट्रोलियमच्या द्रावकाने) धुवा, भोके लाकडी काडीने साफ करा आणि चौकट पॉलिश झाल्यावर कोमट करून तिच्यावर पातळ लाखेचा एकच हात द्या. दात्यांना आणि पिव्हटच्या भोकांना लाख लागता कामा नये.

खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली थिजते आणि जुने झाले की चिकट होते. घड्याळाचेच तेल घ्या, पिव्हटच्या वाटीत अर्धी वाटी भरेल इतका थेंब, अँकरच्या दोन टोकांना किंचित. चाकांच्या दात्यांना तेल लावायचे नाही. तेलावर धूळ बसून तिची सहाणच होते.

घुमट काचेचाच घ्या. ॲक्रिलिकवर पुसताना ओरखडे पडतात आणि घासल्यावर ते धूळ ओढते. आतला व्यास निवडताना लंबकाचा पूर्ण झोका धरून दोन्ही बाजूंना १५ मिमी मोकळे सोडा. गोल घुमटात चौकटीचा कर्ण मोजा, नुसती रुंदी नव्हे. जून ते सप्टेंबर बैठकीच्या खाचेतल्या मखमली दोरीखाली सिलिका जेलची छोटी पुडी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ती मंद आचेवर वाळवून परत घाला.